कबूतरखिंडीतून दिसणारा धूर

रश्नदात आमचा राजा होता असं परक्या माणसाला सांगितलं की तो आधी खोऱ्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग हसतो. हसू दे. शादरूद नदीचं एवढंसं खोरं. सकाळी न्याहारी करून गाढवावर बसलं की संध्याकाळच्या भाकरीला माणूस राज्याबाहेर. पण राजा तो राजा. त्याच्या आजोबांना राजधानीत थोरल्या राजाने स्वतःच्या हाताने चांदीच्या पायांचं आसन दिलं होतं. ते ज्याच्याकडे असेल त्याला दरबारात ताटकळावं लागत नाही, बसता येतं. आजोबांनंतर आमच्यातल्या कोणाला दरबाराचं बोलावणंच आलं नाही, त्यामुळे ते आसन ओसरीवर पडून असायचं आणि त्यावर माझ्या कोंबड्या बसायच्या. रश्नदातने त्यांना कधी हाकललं नाही. म्हणायचा, "बसू दे गं. दरबार भरल्यासारखा वाटतो."

माझी आई त्याची दाई. आम्ही दोघं एकाच अंगावर पिऊन वाढलो, म्हणून मी, आनोश, त्याची दूधबहीण, आणि पुढे त्याच्या स्वयंपाकघराची मालकीण. चारचौघांत मी त्याला धनी म्हणायची. चुलीपाशी तो नुसता रश्ना. काही हवं असलं की मी त्याची ताई व्हायची.

माणूस अगदी साधा. उभ्या घोड्यावरून पडलेला राजा मी तेवढाच एक पाहिला. आजोबांची तलवार म्यानात गंजून बसली होती, ओढली तरी निघायची नाही, आणि ते त्याच्या पथ्यावरच होतं. पण पाण्याच्या पाळ्या लावाव्यात त्यानेच. वरच्या गावाचं आणि खालच्या गावाचं जुंपलं की हा पाटाच्या काठावर जाऊन बसायचा आणि दोन्हीकडच्यांना इतका वेळ बोलू द्यायचा की ती माणसं दमायची आणि आपसातच मिटवून घरी जायची. दुसरं त्याचं कौतुक म्हणजे खरबुजं. नदीकाठच्या वाळूत तो स्वतः वेल लावायचा, स्वतः खुरपायचा. डाळिंबाला हात लावायचा नाही, द्राक्षं समोर ठेवली तर खायचा, पण खरबूज दिसलं की गडी राजेपण विसरला.

त्याची बायको पूर्वेकडच्या डोंगरापलीकडची. मुलगा झाला आणि ती गेली. मुलाचं नाव विरोय. त्याला मी वाढवला, मला तो आत्या म्हणायचा. बापाच्या मांडीवर बसून खरबूज खायचा आणि बिया एकेक करून बापाच्या दाढीत चिकटवायचा. त्या तशाच दाढीने रश्नदात एकदा पाण्याच्या तंट्याचा निवाडा करून आला होता. कोणी त्याला सांगितलं नाही, मीही नाही.

आता आगीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्याकडे नवा राजा बसला की खोऱ्यातल्या प्रत्येक चुलीतला निखारा आणायचा आणि टेकडीवरच्या आतशघरात त्याच्या नावाची आग पेटवायची. राजा आहे तोवर ती आग आहे. तो गेला की तिला कोणी लाकूड घालत नाही, ती आपसूक निवते, आणि मग मुलाची नवी आग. आमची सालंही तिच्यावरून मोजायची. डोंगरातल्या वाळक्या लाकडाचा धूर सरळ वर चढतो आणि कबूतरखिंडीत आलेल्या माणसाला खोऱ्यातलं पहिलं काही दिसतं तर तो धूर. घरं नंतर दिसतात.

थोरल्या राजाचं राज्य बुडतंय हे आम्हाला कसं कळलं, तर दर सालचा त्याचा दूत यायचा बंद झाला. आम्हाला आनंदच झाला. मग एका हंगामात दोन दूत आले. राजधानीत दोन भाऊ भांडत होते आणि दोघंही म्हणत होते की मीच थोरला. एक दूत पुढच्या दालनात जेवत होता, दुसरा मागच्या, आणि मी मध्ये भाकऱ्या घेऊन धावत होते. दोघांनाही घोडे हवे होते. रश्नदातने एकाला घोडे दिले आणि दुसऱ्याला खेचरं. खेचरंवाला चिडला. तो म्हणाला, मग मुलगा द्या, आमच्या दरबारात ओलीस राहील, म्हणजे तुमची निष्ठा कुठे आहे ते आम्हाला कळेल.

मी रश्नदातला चुलीपाशी गाठलं. म्हटलं, "नाही म्हण."

"कशाच्या जोरावर म्हणू?"

"राजा आहेस ना?"

"ताई, त्याच्याबरोबर अंगणभर स्वार आहेत. माझ्याकडे तू आहेस."

खिंडीपर्यंत आम्ही दोघं पोचवायला गेलो. विरोयला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. रडत नव्हता, पण सारखा जोड्याचा बंद सोडून बांधत होता. वर पोचल्यावर रश्नदातने त्याला खोऱ्याकडे वळवून उभा केला.

"धूर दिसतोय?"

"दिसतोय, बाबा."

"मग नीट ऐक. परत येशील तेव्हा इथे थांबायचं आणि आधी धूर बघायचा. असला तर मी आहे, धावत खाली ये. नसला तर खाली पाऊल टाकायचं नाही. माझ्या जागी कोण बसला असेल सांगता येत नाही, आणि जो बसेल त्याला तू नको असशील. सरळ मामाकडे जायचं. बरोबरची माणसं म्हणतील, बाप बरा आहे, वाट बघतोय. शपथा घेतील. ऐकायचं नाही. त्यांना बोलायचे पैसे मिळतात, धुराला मिळत नाहीत."

हे त्याने उगीच सांगितलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी गादीवर बसताना स्वतःच्या पुतण्यांचं काय केलं ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. विरोयने सगळं बापाकडून परत म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून दाखवलं. पाठांतर त्याचं लहानपणापासून चांगलं.

मग बरीच सालं गेली. राजधानीतले भाऊ भांडतच राहिले, आणि इकडे खाली मैदानात एक नवा माणूस उठला. आधी त्याने शेजारची गढी घेतली, मग शहर, मग आमच्या बाजूची खोरी एकेक करून. शेजारचे दोन राजे त्याच्याशी लढले. त्यांच्या घरांत आता त्यांचं नाव घ्यायलाही कोणी नाही. शेवटी ज्याच्याकडे विरोय होता तो थोरला राजाही त्याच्यापुढे रणात पडला, आणि त्याच्या दरबारात ठेवलेली सगळी मुलं नव्या राजाच्या हातात गेली. ही बातमी आली त्या दिवशी रश्नदात वेलांना पाणी घालत होता. ऐकून घेतलं आणि उरलेल्या वेलांना पाणी घालून मगच उठला.

नव्या राजाचा दूत उन्हाळा सरता सरता आला. नाव माहबोज. पोट सुटलेला, बोलायला मऊ, देवभक्त. ओसरीवर आला, कोंबडी हुसकली, आसन बाहीने पुसलं आणि त्यावर बसला. रश्नदात उभाच राहिला. मला ते बघवेना म्हणून मी आत गेले आणि दाराआडून ऐकत राहिले.

"तुमचा मुलगा आमच्याकडे आहे," माहबोज म्हणाला. "गुणी आहे. वाढलाय चांगला. तो घरी यावा असं राजाला वाटतं."

"मलाही वाटतं."

"घर, जमीन, मळे सगळं तुमचंच राहील. एकच गोष्ट. राजा आता एक आहे, म्हणून आगही एकच राहील. टेकडीवरची तुमची आग नको."

आमचा मोबेद, म्हणजे आतशघराचा पुजारी, आदरफर तिथेच होता. त्याचं अर्धं आयुष्य तोंडाला फडकं बांधून त्या आगीसमोर गेलेलं. तो म्हणाला, "आग विझवणं महापाप आहे. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

माहबोजने हात जोडले. "छे, छे. पाणी घालायचं नाही, माती टाकायची नाही. मी स्वतः ते बघू शकणार नाही. विझवू नका. नुसती भरवू नका. राजा गेल्यावर तुम्ही करता तसंच."

"पण मी गेलेलो नाही," रश्नदात म्हणाला.

"तेच तर राजाचं म्हणणं आहे. माणूस राहू दे, राजा जाऊ दे."

रश्नदातने नकार दिला असता तर काय झालं असतं ते शेजारच्या दोन खोऱ्यांत दिसत होतं. त्याने विचारायचं म्हणून विचारलं, "मुलगा कधी येईल?" माहबोज म्हणाला, "राख गार झाली की माझा स्वार निघेल." एवढ्यावर ठरलं. आतशघरात लाकूड घालायचं नाही असा हुकूम संध्याकाळी निघाला, रश्नदातने आयुष्यात काढलेला एकुलता एक कडक हुकूम.

आणि तो कोणी पाळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आग आदल्या दिवसापेक्षा मोठी होती. आदरफर शपथेवर सांगत होता की त्याने काडी घातलेली नाही. खरंच नव्हती घातली. पण पोरी पाण्याला जाताना वाट वाकडी करून टेकडीवर जात होत्या. परटीण धुण्याच्या गाठोड्यात सफरचंदाची ढलपी घेऊन गेली. ज्या दोन गावांनी पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडली होती ती पाळी लावून लाकूड घालत होती. माहबोज ओसरीवरून धुराकडे बघून म्हणाला, "लोक तुमच्यावर जीव टाकतात. वाईट झालं."

मग रश्नदात स्वतः काठी घेऊन आतशघराच्या दारात जाऊन बसला. आपल्या आगीला कोणी खाऊ घालू नये म्हणून पहारा करणारा राजा आधी कधी कोणी पाहिला नसेल. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर त्याने ती मोडून बघितली.

"काय बघतोस?"

"आत काटक्या नाहीत ना ते."

"माझ्यावर पण भरवसा नाही?"

"तुझ्यावरच नाही," तो म्हणाला, आणि भाकरी खाऊ लागला.

वरच्या गावचा गिरणीवाला गुश्नास्प खांद्यावर अख्खा ओंडका घेऊन आला. लपवाछपवी त्याला जमायची नाही. तो सरळ म्हणाला, "बाजूला व्हा, धनी."

"गुश्नास्प, घरी जा."

"तुम्हाला आम्ही असं मरू देणार नाही."

"अरे बाबा, मी मरत नाहीये. मुलगा येतोय माझा."

"मुलगा यायचा तेव्हा येईल. आग आज विझतेय." त्याचे डोळे भरून आले होते. "माझी सगळी पोरं या आगीच्या सालांत झाली. आता जे होईल त्याचं साल काय सांगू?"

रश्नदात उठून त्याच्या ओंडक्यावर हात ठेवून उभा राहिला, ढकलेना की काही नाही. गुश्नास्पनेच शेवटी ओंडका खाली टाकला, त्यावर बसला, आणि मग दोघं तिथे खरबुजावरच्या किडीबद्दल बोलत बसले. हळूहळू लोकांना कळलं की आपण लाकूड घातलं की विरोय तितका लांबतो. मग टेकडीवर कोणी जाईना. एका दुपारी रश्नदातने राखेत हात घातला आणि तो कोपरापर्यंत तसाच आत ठेवून बराच वेळ बसून राहिला. राख गार होती. माहबोजने लगेच स्वार पाठवला, त्याच्यापाठी आपली बाकीची माणसंही.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. रश्नदात ओसरीत खरबूज कापत होता. दोन फोडी त्याने मला दिल्या होत्या आणि विरोयला कुठल्या वेलाचं ठेवायचं याची चर्चा चालली होती. तेवढ्यात वरच्या अंगाने रडण्याचा आवाज आला. उन्हाळी कुरणावरचे मेंढपाळ, डोक्यात माती घातलेली, ऊर बडवत येत होते. सगळ्यात पुढे म्हातारा शापूक. अंगणात आला, मान वर केली, आणि समोर रश्नदात, तोंडात खरबूज.

"हे तर जेवतायत," शापूक मागच्यांना म्हणाला.

"मग काय करू?"

"धनी, खिंडीतून धूर दिसला नाही. आम्हाला वाटलं..." त्याने डोक्यातली माती झटकायला सुरुवात केली. "आम्ही रात्रीपासून रडतोय. एक मेंढी पण कापली तुमच्या नावाने."

आम्ही सगळे हसलो. मी तर पोट धरून हसले. रश्नदातही हसत होता. "कापलीच आहे तर मलाही आणा थोडी," असं काहीतरी म्हणाला आणि पुढची फोड कापायला सुरी टेकवली. ती तिथेच थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं. माझं हसू तोवर तोंडावरच होतं, आणि मग मलाही आठवलं.

तो तसाच चिकट हातांनी माहबोजकडे गेला आणि सगळं सांगितलं. माहबोजने नीट ऐकून घेतलं. तो दुष्ट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन, आणि त्यामुळेच मला जास्त राग येतो.

"मला खिंडीत जाऊ द्या," रश्नदात म्हणाला.

"तुमचं खरं असेल. पण खिंडीपलीकडे तुमच्या सासरचा मुलूख आहे. जरा जाऊन येतो म्हणालेले राजे मला परत मिळालेले नाहीत, आणि मला माझी मान हवी आहे."

"तुमचे स्वार द्या बरोबर."

"ते आहेत कुठे इथे? तुमच्या मुलाला आणायला गेलेत."

"मग टेकडीवर नुसतं गवत पेटवू द्या. धुरापुरतं."

"मी तेच बंद करायला आलोय."

"तो इथे यायला किती दिवस लागतील?"

माहबोज खाली बघायला लागला. "आजच येईल. पलीकडच्या तळावरच आणून ठेवला होता. मुद्दाम बोललो नव्हतो. म्हटलं, तुम्हाला अचानक आनंद व्हावा." मग घाईने म्हणाला, "पण माझी माणसं त्याला सांगतील की वडील बरे आहेत, वाट बघतायत."

"तेच ऐकायचं नाही असं मी त्याला शिकवून ठेवलंय," रश्नदात म्हणाला.

हत्यार धरू शकेल असा एकही माणूस खिंडीकडे जाऊ द्यायचा नाही, असा माहबोजचा हुकूम होता. मेंढपाळांनाही त्याने अंगणातच बसवलं. स्वार जवळ नसले तरी हुकूम मोडला की काय होतं ते शेजारच्या खोऱ्यांत सगळ्यांनी पाहिलं होतं. उरले मी आणि गाढव. रश्नदात बोटातली अंगठी काढायला लागला, मग थांबला. "अंगठी मेलेल्याच्या बोटातूनही निघते," तो म्हणाला. "तूच जा. तुला बघून तो थांबेल." माझा गुडघा तेव्हाही दुखायचा. गाढवाला मी एवढं कधी मारलं नव्हतं. चढणीवर ते दर वळणाला उभं राहायचं, मग मी उतरून त्याला ओढायची, मग ते मला ओढायचं. विरोयला काय सांगायचं ते मी वाटभर घोकत होते. तुझा बाप जिवंत आहे, सकाळीच मेंढपाळांनी त्याच्या नावाने मेंढी कापली. मग वाटलं, हे नको सांगायला.

वर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माहबोजचे स्वार खिंडीत उतरून एकमेकांवर ओरडत होते. एक घोडा रिकामा होता.

त्यांच्या म्होरक्याने मला आधी हुसकलं, मग मी कोण ते कळल्यावर खाली बसला. "वाटभर खुशीत होता, म्हातारे. आम्हाला प्रत्येक डोंगराचं नाव सांगत होता. इथे आलो, मी म्हटलं, ते बघ तुझं घर. म्हणाला, हो. बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, वडील वाट बघतायत. म्हणाला, हो. मग उतरला, माझी सुरी मागून घेतली, केस कापले आणि त्या दगडावर ठेवले. आम्हाला वाटलं घरी पोचल्याचा नवस असेल. आमच्याकडे फेडतात असा. मग म्हणाला, जरा आडोशाला जाऊन येतो."

दगडावर केसांची जाड बट होती, वाऱ्याने उडू नये म्हणून वर गोटा ठेवलेला. आमच्याकडे मुलगा असे केस एकदाच कापतो, बाप गेल्यावर.

मी पूर्वेच्या उतरणीला जाऊन हाका मारल्या. विरोय, अरे मी आत्या. आहे रे बाबा तुझा, आहे. माझा आवाज समोरच्या कड्यावरून परत यायचा आणि दर वेळी मला वाटायचं त्यानेच ओ दिली. स्वारही माझ्याबरोबर ओरडत होते. ते ओरडले नसते तर कदाचित तो माझा आवाज ऐकून थांबला असता, आणि कदाचित नसताही. अंधार पडायच्या आत म्होरक्याने मला गाढवावर बसवलं.

रश्नदात फाटकातच उभा होता. माझ्यामागे कोणी नाही हे त्याला लांबूनच दिसलं असणार, पण तो माझ्या मागेच बघत राहिला. मी ओढणीची गाठ सोडून बट त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"आईचेच केस घेतलेत," तो म्हणाला. "जाताना एवढे दाट नव्हते."

आदरफर हळूच म्हणाला, "धनी, कापलेले केस अपवित्र असतात. घरात ठेवू नयेत, आगीला विटाळ होतो. पुरून टाकू."

"विटाळ व्हायला माझ्या घरात आग कुठे राहिली आहे?" रश्नदात म्हणाला आणि बट अंगरख्यात ठेवून दिली.

माहबोज दोन दिवसांत निघाला. त्याने शब्द पाळला होता, मुलगा पाठवला होता, त्याच्याकडे आम्ही काय मागणार? जाताना आसन तेवढं राजासाठी घेऊन गेला. पुढे सासरच्या माणसांकडून कळलं की विरोय तिथे पोचला होता. बाप गेल्याचं सांगितलं, त्या लोकांनी त्याच्याबरोबर शोक केला, आणि सकाळी तो घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर आणखी पूर्वेला गेला. आमचा निरोप पोचेपर्यंत वाटेचा माग राहिला नव्हता. रश्नदातने जो कोणी त्या बाजूला जाईल त्याच्याकडे निरोप दिला. लोक हो म्हणायचे, जेवायचे आणि जायचे.

त्यानंतर तो राजा नव्हता, पण पाण्याच्या पाळ्या तोच लावायचा, कारण नव्या राजाच्या अधिकाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. उन्हाळ्यात दर काही दिवसांनी खिंडीत जाऊन त्या दगडापाशी बसायचा. आता त्याला कोणी अडवत नव्हतं.

एका साली हिंगाचा व्यापारी आमच्याकडे मुक्कामाला होता. गमतीजमती सांगत होता. म्हणाला, पूर्वेला कुठल्याशा सराईत एक जण भेटला म्हणे कोणाला, वर्षअखेरीला पितरांचे दिवस येतात तेव्हा सगळे फळं मांडतात, डाळिंबं मांडतात, आणि हा बापासाठी ताटलीत नुसत्या खरबुजाच्या बिया ठेवतो. लोक हसतात. तो म्हणतो, माझ्या बापाला दुसरं काही चालायचं नाही, आणि या दिवसांत खरबूज मिळत नाही.

रश्नदात जागचा उठला. "कुठली सराई?"

"ते मला सांगणाऱ्याला ठाऊक. तो वारला गेल्या साली."

"गावाचं नाव?"

"मोठा मुलूख आहे, बाबा."

रश्नदात खाली बसला आणि हसायला लागला. "ऐकलंस, ताई? बिया. मला बिया घालतोय खायला." दाढीवरून हात फिरवत तो हसत होता, जणू तिथे काही चिकटलंय, आणि मग त्याला रडू फुटलं, आणि मी व्यापाऱ्याला बाहेर घालवलं. आपला मुलगा जिवंत आहे आणि दर साली आपलं श्राद्ध घालतोय, हे ऐकून बापाने काय करावं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तो गेला त्या साली वेलांना फळ चांगलं आलं होतं. सकाळी मी त्याच्यासाठी कण्हेरी घेऊन गेले तर तो गेलेला होता, बट छातीशी. आदरफर आला, त्याचं सगळं रीतीने केलं. मग तो सवयीने टेकडीकडे निघाला, आणि दहा पावलांवर थांबून परत आला. निवू द्यायला तिथे काही नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. चूल पेटलेली होती. मी तिच्यात लाकूड घातलं नाही. विझवली नाही, नुसती भरवली नाही, आणि तिच्यासमोर बसून राहिले. दुपारी बाहेर आले तर परटिणीच्या घरावर धूर नव्हता. गुश्नास्पच्या घरावर नव्हता. खालच्या गावावर नव्हता, वरच्यावर नव्हता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खोऱ्यात लेकरांनीही शिळं खाल्लं.

संध्याकाळी शापूक आणि त्याची माणसं खिंडीतून उतरली. या वेळी ऊर बडवत आली नाहीत, गुपचूप आली आणि अंगणात बसली. खिंडीतून त्या दिवशी जे दिसत होतं ते खरं होतं. विरोय तेवढा ते बघायला नव्हता.